खाजगी मानसोपचार-व्यवसायातील नीतिनियम व मर्यादा

१. प्रश्नाचे स्वरूप

शस्त्रक्रियागृहात शस्त्रवैद्याबरोबर भूल देणारा वैद्य, परिचारिका व साहाय्यक उपस्थित असतात. सार्वजनिक रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाच्या निर्णयांवर प्रकरणपत्रे, वरिष्ठांची फेरी आणि सहकाऱ्यांची चर्चा यांची देखरेख राहते. खाजगी व्यवसाय करणाऱ्या मानसोपचारकाची स्थिती ह्याहून निराळी आहे. दोन खुर्च्या, लावलेले दार आणि ठरलेला पाऊण तास एवढेच त्याच्या कामाचे बाह्य स्वरूप असते. खोलीत जे बोलले जाते त्याला तिसरा साक्षीदार नसतो. उपचाराचे साधन म्हणजे उपचारकाचे बोलणे, त्याचे मौन आणि रुग्णाशी जडलेला त्याचा संबंध. औषधाची मात्रा चुकली तर ती चिठ्ठीवर सापडते; संबंधाची मात्रा चुकली तर ती कोठेही नोंदली जात नाही.

ह्या परिस्थितीतून एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो. मन मोकळे करण्यासाठी जो एकान्त अपरिहार्य आहे, तोच एकान्त रुग्णाला असहाय करतो. मग त्या खोलीत रुग्णाचे रक्षण कोण करणार? कायदा, व्यवसायसंस्थेचे नीतिनियम, की उपचारकाची स्वतःची शिस्त? मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण संपवून समुपदेशनाकडे वळणाऱ्यांची संख्या पाहता हा प्रश्न विद्यापीठीय विभागांच्या दृष्टीने केवळ तात्त्विक राहिलेला नाही. ह्या नियमांचा उगम, त्यांमागील कारणे आणि भारतातील त्यांची सध्याची स्थिती यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. नियमांपूर्वीचा काळ

संभाषणाने उपचार करण्याच्या आधुनिक पद्धतीचा आरंभ सामान्यतः व्हिएन्नातील वैद्य योसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात उपचार केलेल्या एका तरुणीपासून मानला जातो. ब्रॉयर व सिग्मुंड फ्रॉइड यांनी १८९५ साली उन्मादावरील आपल्या ग्रंथात तिचा वृत्तान्त ‘अॅना ओ.’ ह्या कल्पित नावाने प्रसिद्ध केला. हे नाव धारण करणारी स्त्री म्हणजे बेर्था पापेनहाइम. पुढे ती जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या चळवळीची एक प्रमुख संस्थापक झाली आणि १९३६ साली मरण पावली. तिचे खरे नाव १९५३ साली फ्रॉइड यांचे चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यांनी आपल्या ग्रंथात उघड केले. ते उघड करण्यास तिची संमती कोणी विचारली नव्हती, आणि तेव्हा विचारताही येत नव्हती. ज्या स्त्रीच्या उपचारापासून ह्या विद्येचा इतिहास सुरू होतो, तिचीच गोपनीयता अशा रीतीने मोडली गेली. रुग्णाच्या मृत्यूबरोबर गुप्ततेचे बंधन संपते काय, हा प्रश्न ह्या एका उदाहरणानेच उपस्थित होतो. आजचे बहुतेक नीतिनियम त्याचे उत्तर ‘नाही’ असे देतात.

१९१२ ते १९१५ या वर्षांत फ्रॉइड यांनी उपचारतंत्रावर जे निबंध लिहिले त्यांत मर्यादांची पहिली पद्धतशीर मांडणी आढळते. रुग्ण उपचारकाच्या ठिकाणी आपल्या पूर्वायुष्यातील व्यक्तींविषयीचे प्रेम, भय व राग आरोपित करतो, ह्या प्रक्रियेस भावसंक्रमण म्हणतात. १९१५ च्या निबंधात फ्रॉइड यांचे प्रतिपादन असे की, रुग्णेच्या मनात उपचारकाविषयी निर्माण झालेले प्रेम हे उपचाराच्या परिस्थितीतूनच उत्पन्न झालेले असते; उपचारकाने ते आपल्या व्यक्तित्वाचे यश मानू नये, त्याचा स्वीकार करू नये आणि तुच्छतेने ते दडपूही नये; त्याचा अर्थ लावणे हेच त्याचे काम.

तथापि तत्त्व सांगणे व आचरणे यांत त्या पिढीत मोठे अंतर होते. स्वतः फ्रॉइड यांनी १९१८ पासून आपली कन्या अॅना हिचे मनोविश्लेषण केले. पित्यानेच कन्येचा विश्लेषक व्हावे ही गोष्ट आजच्या कोणत्याही नियमावलीत बसणार नाही. ह्या उदाहरणावरून मूळ पुरुषांची निंदा करण्याचे कारण नाही. तंत्राचा सर्वांत मोठा जाणकारही स्वतःच्या बाबतीत मर्यादेचा न्यायाधीश होऊ शकत नाही, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा आहे.

भारतात मनोविश्लेषणाचा संघटित आरंभ १९२२ साली कलकत्त्यात गिरीन्द्रशेखर बोस यांनी स्थापन केलेल्या भारतीय मनोविश्लेषण संस्थेपासून झाला. म्हणजे आपल्याकडे ही विद्या शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. तिच्या खाजगी व्यवसायाचे नियमन मात्र पुष्कळ अलीकडचे आणि अद्याप अपुरे आहे.

३. लिखित नीतिनियमांची घडण

मानसशास्त्रज्ञांची पहिली विस्तृत लिखित नियमावली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९५३ साली प्रसिद्ध केली. निकोलस हॉब्ज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती तयार करताना अवलंबिलेली पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. तत्त्वज्ञानातील सामान्य सूत्रांवरून नियम काढण्याऐवजी समितीने सदस्यांना पत्रे लिहून, त्यांना प्रत्यक्ष व्यवसायात नैतिक पेच वाटलेले प्रसंग कळविण्यास सांगितले. आलेल्या प्रसंगांचे वर्गीकरण करून त्यांतून नियम बांधण्यात आले. त्यामुळे ती नियमावली व्यवसायाच्या अनुभवाचा संग्रह ठरली. पुढील आवृत्त्यांतही हाच क्रम दिसतो: जो अपराध पुन्हा पुन्हा घडतो, त्यासाठी स्पष्ट नियम तयार होतो.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण उपचारक व रुग्ण यांच्या लैंगिक संबंधाचे आहे. रुग्णाच्या हिताला बाध येईल असे वर्तन करू नये, ही सर्वसाधारण अपेक्षा आरंभापासून होती. परंतु असा संबंध अनैतिक आहे असे स्पष्ट शब्दांत सांगणारे कलम त्या नियमावलीत १९७७ साली आले. १९९२ च्या आवृत्तीने उपचार संपल्यानंतरही किमान दोन वर्षे हा निषेध लागू केला आणि त्यानंतरही असा संबंध शोषणाचा नव्हता हे दाखविण्याचा भार उपचारकावर टाकला. त्याच देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर पूर्वीच्या रुग्णाशीही असा संबंध अनैतिकच ठरविला. तिने कोणतीही मुदत मान्य केली नाही.

येथे नेहमी एक आक्षेप घेतला जातो. दोन सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीने संबंध ठेवला तर व्यवसायसंस्थेने त्यात का पडावे? ह्या आक्षेपाचे उत्तर भावसंक्रमणाच्या कल्पनेतच आहे. रुग्णाने आपल्या लज्जेच्या, पराभवाच्या आणि एकाकीपणाच्या गोष्टी उपचारकास सांगितलेल्या असतात. उपचारकाने स्वतःविषयी त्यांतील काहीच सांगितलेले नसते. शिवाय ज्या विश्वासाने रुग्ण होकार देतो, तो विश्वास निर्माण करणे हाच उपचाराचा भाग असतो. उपचारकाने स्वतःच उत्पन्न केलेल्या अवलंबनातून मिळालेली संमती ही त्याच्या बचावाला उपयोगी पडू शकत नाही. विश्वस्ताने ठेवीचा उपभोग ठेवीदाराच्या परवानगीने घेतला, ही सबब जशी स्वीकारली जात नाही, तशीच ही सबबही स्वीकारता येत नाही.

भारतात नोंदणीकृत वैद्यांना लागू असलेल्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांत, व्यवसायातील स्थानाचा गैरफायदा घेऊन रुग्णाशी अनुचित वर्तन करणे हा गैरवर्तनाचा प्रकार मानला आहे आणि त्यासाठी वैद्यक परिषद नोंदणी रद्द करू शकते. ही शिक्षा मनोविकारतज्ज्ञास लागू पडते, कारण त्याचे नाव नोंदवहीत असते. ज्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नाही त्याचे नाव काढून टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ह्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

४. दुहेरी नाती आणि भारतीय परिस्थिती

उपचारक हा त्याच वेळी रुग्णाचा शिक्षक, नातेवाईक, भागीदार किंवा वरिष्ठ असू नये, ह्या नियमास दुहेरी नात्यांचा निषेध म्हणतात. ज्याच्या हाती गुण, नोकरी किंवा पैसा आहे, त्याच्यासमोर मनुष्य खरे बोलण्यापूर्वी हिशेब करतो, आणि हिशेब करून केलेले बोलणे उपचाराच्या कामाचे नसते, हे त्यामागील कारण आहे.

हा नियम भारतीय समाजात जसाच्या तसा लागू करता येईल काय, असा प्रश्न आपल्याच देशातील अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ साली गुरु-शिष्य संबंध हा मानसोपचाराचा एक संभाव्य नमुना म्हणून मांडला. पाश्चात्त्य उपचारपद्धती स्वावलंबनास परमोच्च मूल्य मानते. भारतीय मनुष्य मात्र मार्गदर्शकाकडून जिव्हाळा, उपदेश व दीर्घकाळचे नाते यांची अपेक्षा करतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन उपचारात सहभागी करून घेतले, हाही अनुभव कुटुंबाला बाहेर ठेवणाऱ्या कल्पनेच्या विरुद्ध जातो.

ह्या दोन्ही उदाहरणांचे मोल मोठे आहे. पण त्यांवरून मर्यादा अनावश्यक आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. विद्यासागर यांचा प्रयोग सार्वजनिक रुग्णालयाच्या उघड्या आवारात, अनेकांच्या देखत चालला होता. गुरु-शिष्य परंपरेतही गुरूला आचाराची बंधने होती, आणि ती सैल झाली तेथे शिष्याचे शोषण झाल्याची उदाहरणे समाजाला अपरिचित नाहीत. तेव्हा अधिक जिव्हाळ्याची अपेक्षा असलेल्या समाजात उपचारकास अधिक सावध राहावे लागते, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

व्यवहारात हा विवेक लहान गोष्टींतच दाखवावा लागतो. दिवाळीला रुग्णाने आणलेला फराळाचा डबा नाकारणे हे आपल्याकडे अपमानास्पद ठरेल. तो स्वीकारून त्याविषयी पुढील भेटीत मोकळेपणाने बोलता येते. सोन्याची अंगठी, जमिनीच्या व्यवहारातील सवलत किंवा नातेवाइकाला नोकरी लावून देण्याचे वचन यांना मात्र फराळाच्या पंक्तीत बसविता येत नाही. तालुक्याच्या गावी एकच उपचारक असेल तर त्याची व रुग्णाची गाठ बाजारात, लग्नात, शाळेच्या संमेलनात पडणारच. अशा ठिकाणी ओळख द्यावी की न द्यावी हे आधीच रुग्णाला विचारून ठरविणे, आणि बाहेर उपचाराविषयी अवाक्षर न काढणे, एवढी शिस्त पाळता येते. जेथे दुहेरी नाते टाळणे शक्य आहे तेथे ते टाळावे. जेथे शक्य नाही तेथे ते उघडपणे मान्य करून त्याचे नियम ठरवावेत.

विद्यापीठीय विभागांत ह्याच प्रश्नाचे एक रूप नित्य आढळू शकते. विद्यार्थ्याने प्राध्यापकाकडे मनातील अस्वस्थता बोलून दाखविणे स्वाभाविक आहे, आणि प्राध्यापकाने ती ऐकून घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे. परंतु आपल्याच विद्यार्थ्यावर नियमित मानसोपचार करणे ही गोष्ट निराळी होय. जो प्रबंधाचे परीक्षण करणार त्याने विद्यार्थ्याची दुःखे उपचारक म्हणून ऐकू नयेत. अशा वेळी धीर देणे आणि योग्य त्या बाहेरच्या उपचारकाकडे पाठविणे एवढीच शिक्षकाची मर्यादा आहे.

५. गुप्तता आणि तिचे अपवाद

गुप्तता हा मानसोपचाराचा आधार आहे. तथापि ती निरपवाद नाही. ह्या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध निकाल अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तारासोफ खटल्यात दिला. बर्कली येथील विद्यापीठात शिकत असलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने १९६९ साली विद्यापीठाच्या रुग्णालयातील आपल्या उपचारकास, एका तरुणीला ठार मारण्याचा आपला विचार सांगितला. तिचे नाव त्याने घेतले नव्हते, पण ती कोण हे सहज ओळखता येत होते. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. त्यांनी विद्यार्थ्याला ताब्यात घेऊन विचारपूस केली व तो शुद्धीवर दिसतो म्हणून सोडून दिले. विद्यार्थी पुन्हा उपचाराला आला नाही. त्या तरुणीला किंवा तिच्या कुटुंबीयांना कोणीच सावध केले नाही, आणि २७ ऑक्टोबर १९६९ रोजी तिचा खून झाला. तिच्या मातापित्यांनी लावलेल्या दाव्यात १९७४ साली न्यायालयाने उपचारकावर धोक्याची सूचना देण्याचे कर्तव्य ठेवले. १९७६ च्या फेरनिकालात ते कर्तव्य अधिक व्यापक करून, संभाव्य बळीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे असे सांगितले. सूचना देणे हा त्या काळजीचा एक मार्ग झाला, एकमेव नव्हे.

ह्या खटल्यातील एक गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. उपचारकाने पोलिसांना कळवून गुप्तता मोडलीच होती. तिचा परिणाम म्हणून उपचार तुटला, आणि तरीही तरुणीचे रक्षण झाले नाही. म्हणजे गुप्तता मोडण्याचा निर्णय घेतल्याने कर्तव्य पुरे होत नाही. ती कोणासमोर, किती आणि कोणत्या परिणामासाठी मोडावयाची, याचा विचार त्याबरोबरच करावा लागतो.

भारतात हा विषय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या २३ व्या कलमात आला आहे. हा अधिनियम २०१८ साली अंमलात आला. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिच्या आजाराविषयीची व उपचाराविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क त्याने दिला व उपचार करणाऱ्या आरोग्य-व्यावसायिकांवर तसे कर्तव्य लादले. उपचारात गुंतलेले अन्य व्यावसायिक, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, दुसऱ्या व्यक्तीला इजा होण्याचा संभव, जीवितास धोका, सक्षम न्यायालयाचा किंवा प्राधिकरणाचा आदेश आणि सार्वजनिक सुरक्षितता हे त्याचे अपवाद आहेत. इजा टाळण्यासाठी माहिती द्यावी लागली तर त्यासाठी जेवढी आवश्यक तेवढीच द्यावी, हे बंधनही त्यात आहे. संपूर्ण प्रकरणपत्र पोलिसांच्या हाती देणे आणि धोक्याची मोजकी माहिती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे उपचारकाने ध्यानी ठेवावे.

ह्याखेरीज आणखी तीन गोष्टी ज्ञात असणे अवश्य आहे. पहिली, अल्पवयीनांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीची. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९ व्या कलमान्वये, अठरा वर्षांखालील बालकावर असा अपराध घडल्याचे कळले तर ते पोलिसांना कळविणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. न कळविणे हा २१ व्या कलमाखाली दंडनीय अपराध आहे. मानसोपचारकाला ह्यातून सूट नाही. दुसरी, साक्षीसंबंधीची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जॅफी खटल्यात उपचारक व रुग्ण यांच्यातील संभाषणाला संघराज्य न्यायालयांपुरते साक्षीपासून संरक्षण दिले. भारतात १८७२ च्या पुरावा कायद्याने वकील व अशील यांच्या संभाषणास असे संरक्षण दिले होते, वैद्य व रुग्ण यांच्या संभाषणास नव्हे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ही स्थिती बदललेली नाही. न्यायालयाने आज्ञा केली तर उपचारकाला बोलावे लागते. तिसरी गोष्ट आत्महत्येच्या प्रयत्नासंबंधीची. पूर्वीच्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने तो अपराध मानला होता. २०१७ च्या अधिनियमाच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो सर्वसाधारण अपराध उरलेला नाही. त्यामुळे ‘सांगितले तर गुन्हा दाखल होईल’ ह्या भीतीने गप्प राहणाऱ्या रुग्णाला उपचारक आता निःशंकपणे बोलते करू शकतो.

आपल्या समाजातील गुप्ततेचा नित्याचा पेच मात्र खुनाचा किंवा न्यायालयाचा नसतो. तो शुल्क देणाऱ्या नातेवाइकाचा असतो. अशी कल्पना करावी की, बावीस वर्षांची एक मुलगी उपचारासाठी येते. तिचे शुल्क वडील भरतात. तिसऱ्या आठवड्यात वडील दूरध्वनी करून अत्यंत सौजन्याने विचारतात, “डॉक्टरसाहेब, ती काय सांगते तेवढं आम्हाला कळू द्या. तिच्या भल्यासाठीच विचारतो आहे.” वडिलांचा हेतू वाईट नसतो, आणि काही न सांगणे हे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते. तरीही येथे उपचारक तिचे बोलणे सांगू लागला तर त्या क्षणापासून ती वडिलांसमोर बोलेल तेवढेच त्याच्यासमोर बोलेल. म्हणून वडिलांचे म्हणणे ऐकून घ्यावे, त्यांच्या काळजीचा मान राखावा, आणि मुलीच्या संमतीने व तिच्या उपस्थितीत एकत्र भेट ठरविता येईल असे सांगावे. शुल्क देणारा व रुग्ण या दोन व्यक्ती भिन्न असतील तर कोणाला काय कळेल हे पहिल्याच भेटीत तिघांच्या समक्ष ठरविल्याने असे बहुतेक पेच टळतात.

६. पात्रतेची मर्यादा

मानसोपचार करण्याचा अधिकार कोणाला, हा वाद जुना आहे. व्हिएन्नात थिओडोर राइक ह्या वैद्यकीय पदवी नसलेल्या विश्लेषकावर भोंदू वैद्यकीचा आरोप झाला, तेव्हा फ्रॉइड यांनी १९२६ साली स्वतंत्र पुस्तिका लिहून अशा विश्लेषकांचा पक्ष घेतला. त्यांचा मुद्दा असा की, वैद्यकीय पदवी ही मनोविश्लेषणाच्या पात्रतेची खूण नव्हे. त्या विशिष्ट कामाचे शिक्षण हीच खूण होय. हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी कापतो. वैद्य नसलेल्यास तो दार उघडून देतो. शिक्षण नसलेल्यास, मग तो वैद्य का असेना, तो बाहेर ठेवतो.

भारतात वेगवेगळ्या उपचारकांची कायदेशीर स्थिती वेगवेगळी आहे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून वैद्यक परिषदेच्या नियंत्रणाखाली असतो. औषध लिहिण्याचा अधिकार त्याला आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमान्वये होते, आणि नोंदणीशिवाय तो व्यवसाय करणे हा त्या अधिनियमाच्या १३ व्या कलमाखाली अपराध आहे. त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. अन्य मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांच्यासाठी २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीचा राष्ट्रीय आयोग अधिनियम झाला. परंतु कायदा होणे आणि प्रत्येक व्यावसायिकाची नोंद होऊन त्याच्यावर शिस्तीचा अंमल बसणे, यांत पुष्कळ अंतर असते. दरम्यान ‘समुपदेशक’ ही पाटी काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमानंतरही लावली जाते, आणि पाटी वाचणाऱ्या रुग्णाला ‘मानसोपचारतज्ज्ञ’, ‘मानसशास्त्रज्ञ’ व ‘समुपदेशक’ ह्या शब्दांतील भेद माहीत नसतो.

पात्रतेबाहेरच्या व्यवसायाविषयी न्यायालयाची भूमिका स्पष्ट आहे. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल ह्या १९९६ च्या निकालात, होमिओपॅथीचे शिक्षण घेतलेल्या वैद्याने आधुनिक वैद्यकातील औषधे दिली, ही गोष्टच निष्काळजीपणा ठरण्यास पुरेशी आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. तो निकाल मानसोपचाराविषयीचा नाही. तथापि त्यातील तत्त्व येथे उपयोगी आहे. जे शिकले नाही ते करणे हाच दोष होय. परिणाम चांगला झाला म्हणून तो पुसला जात नाही.

ह्या तत्त्वाचा मानसशास्त्राच्या पदवीधरापुरता अर्थ पुढीलप्रमाणे होतो. रुग्णाच्या बोलण्यात भ्रम किंवा भास आढळल्यास, झोप व भूक दीर्घकाळ नाहीशी झाल्यास, आत्महत्येचा निश्चित बेत दिसल्यास, किंवा थायरॉइडसारख्या शारीरिक विकाराची शंका आल्यास त्याने वैद्याकडे पाठविण्यात विलंब लावू नये. औषधाची मात्रा कमी करण्याचा किंवा ते बंद करण्याचा सल्ला त्याने कधीही देऊ नये. उलटपक्षी मनोविकारतज्ज्ञानेही दहा मिनिटांच्या भेटीला मानसोपचार म्हणू नये, आणि ज्या उपचारपद्धतीचे शिक्षण आपण घेतले नाही तिचे नाव पाटीवर लावू नये.

७. संमती, शुल्क आणि समाप्ती

समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी संमती होय असे सांगितले. तो खटला शस्त्रक्रियेचा होता. मानसोपचारात शरीराला हात लागत नाही म्हणून संमतीची आवश्यकता कमी होते असे नाही. जुन्या जखमा उघडल्याने काही काळ दुःख वाढते, उपचार महिनोन् महिने चालू शकतो, गुण न येण्याचाही संभव असतो, आणि अन्य पद्धतीही उपलब्ध असतात, हे रुग्णाला आधी कळले पाहिजे.

शुल्काविषयी बोलण्याचा संकोच आपल्याकडे विशेष आहे. फ्रॉइड यांनी १९१३ च्या निबंधात पैशाचा विषय उपचारकाने आरंभीच आणि निःसंकोचपणे काढावा असा आग्रह धरला. न ठरलेले शुल्क हे पुढे उपकार, मिंधेपणा किंवा राग यांचे रूप घेते. सवलत द्यावयाची तर ती ठरवून व सांगून द्यावी. थकलेल्या शुल्काच्या बदल्यात रुग्णाकडून घरची किंवा कचेरीची कामे करून घेणे सर्वथा त्याज्य होय.

आरंभाइतकीच समाप्तीही नियमबद्ध असावी लागते. उपचार निरुपयोगी ठरत आहे हे दिसत असताना केवळ उत्पन्नासाठी तो चालू ठेवणे हा एक दोष, आणि कठीण रुग्णाला अकस्मात दार बंद करणे हा दुसरा. बदली, आजारपण किंवा निवृत्ती यांमुळे उपचार थांबवावा लागल्यास रुग्णाला पूर्वसूचना, निरोपाच्या काही भेटी आणि दुसऱ्या उपचारकाचे नाव मिळाले पाहिजे. उपचारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या टिपणांचे काय व्हावे, ही व्यवस्थाही त्याने हयातीतच लिहून ठेवावी. अन्यथा रुग्णांची रहस्ये वारसांच्या कपाटात जाऊन पडतात.

८. समारोप

वरील विवेचनावरून आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी देता येते. कायदा खोलीच्या दारापर्यंत येतो आणि अपराध घडल्यावर आत शिरतो. व्यवसायसंस्थेचे नियम ज्याची नोंद आहे त्यालाच बांधतात. उपचारकाची सदसद्विवेकबुद्धी आवश्यक असली तरी पुरेशी नाही, हे फ्रॉइड यांच्यासारख्याच्या उदाहरणानेही दिसते. राहिलेली उणीव भरून काढण्याचा मार्ग व्यवसायाने स्वतःच शोधला आहे, तो म्हणजे पर्यवेक्षण. रुग्णाची ओळख झाकून आपले काम ठरावीक काळाने एखाद्या अनुभवी सहकाऱ्यापुढे मांडणे, हीच त्या खोलीतील तिसऱ्या साक्षीदाराची जागा होय. सीमा ओलांडण्याचा आरंभ बहुधा लहान अपवादाने होतो: भेट थोडी लांबते, शुल्क एकदा सोडले जाते, गाठ खोलीबाहेर पडते, आणि ‘ही गोष्ट पर्यवेक्षकाला सांगण्याची गरज नाही’ असा विचार मनात येतो. नेमकी तीच गोष्ट सांगण्याची असते.

ह्यातून विद्यापीठीय विभागांवरही एक जबाबदारी येते. नीतिनियमांचा पाठ परीक्षेतील एका प्रश्नापुरता शिकवून भागणार नाही. १९५३ च्या समितीने प्रत्यक्ष प्रसंगांतून नियम बांधले, त्याच रीतीने विद्यार्थ्यांसमोर आपल्या समाजातील प्रसंग ठेवून त्यांवर चर्चा व्हावयास हवी. पदवी हाती देताना ती कोणत्या कामाचा अधिकार देते आणि कोणत्या कामाचा देत नाही, हेही विभागाने स्पष्ट सांगितले पाहिजे. जो मनुष्य आपले दुःख घेऊन प्रथमच अनोळखी दारावर येतो, त्याला ही नियमावली ठाऊक नसते; आत बसलेल्याला ती ठाऊक आहे, ह्या विश्वासावरच तो दार ठोठावतो.